भिंतीपल्याडच्या मुंग्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, मार्थाला, अर्धं माहीत होतं — ती गेली. पुरतं माहीत होतं ते मुंग्यांना, आणि मुंग्या कुठं बोलतात?

तसा मी झाकून ठेवणारा माणूस नव्हे. माझ्या फजित्या मीच चारचौघांत बसून सांगत आलो. बाप्तिस्म्याच्या दिवशी ओढ्यात माझा पाय घसरला आणि पाळकबाबांना घेऊनच मी पाण्यात गेलो. त्या दिवशी त्यांचा दुसऱ्यांदा बाप्तिस्मा झाला. गुलबर्ग्याला पहिल्यांदा आगगाडीत चढलो तेव्हा देवळात शिरावं तशी पायताणं फलाटावर काढून ठेवली, आणि सोलापूरऐवजी रायचूरला अनवाणी उतरलो. लोक पोट धरून हसतात. हसणाऱ्याला संशय येत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं. एक गोष्ट पुरायची असेल तर दहा उघड्यावर टाकाव्यात — कुणी खणायला येत नाही.

तर आज खणतो.

आमची वस्ती आळंद आणि कल्याणीच्या मधे, गावाच्या वेशीबाहेर. आमचे आजे-पणजे गावची मेलेली ढोरं ओढायचे. बापांनी येशूचं नाव घेतलं, मिशनच्या खटपटीनं कोरडवाहू जमिनीचे तुकडे कसायला मिळाले, मातीच्या भिंतींचं एक छोटं देऊळ उभं राहिलं. गावची विहीर मात्र आम्हाला पूर्वीही बंद होती, नंतरही बंदच राहिली. निजामाचं राज्य होतं. पाळकबाबा घोड्यावर बसून बिदरहून कधीमधी यायचे, तेव्हाच प्रभूभोजन व्हायचं. ते म्हणायचे, प्रभू परत येणार हे खरं, पण कधी ते कुणालाच ठाऊक नाही. बरोबर होतं. पण अशा बोलण्यात मजा काय?

मग तो बोधक आला. कुठल्या मिशनचा, ते त्यानं कधी नीट सांगितलं नाही, आणि मी — जो सगळ्यांवर संशय घेतो — मीही विचारलं नाही. त्याच्याजवळ एक लांबलचक कापड होतं. त्यावर सात डोक्यांचं जनावर रंगवलेलं, आकाशातून कर्णे वाजवणारे देवदूत, खाली आगीत पडलेली माणसं. त्या माणसांतला एक हुबेहूब गावच्या पाटलासारखा दिसायचा. आम्हाला ते चित्र फार आवडलं.

त्या वर्षी टोळधाड येऊन गेली होती. शेजारच्या गावात प्लेगचे उंदीर पडले होते. बोधक म्हणाला, खुणा पुऱ्या झाल्या, दसऱ्याच्या आत प्रभू येणार. प्रभूच्या येण्याचा दिवस त्यानं दसऱ्याशी बांधला, कारण आम्हाला दुसरं कुठलं पंचांग कळत होतं?

तुम्ही हसाल. पण दसऱ्यानंतर जग नाही असं एकदा धरून चाला, मग बघा घरात काय काय बदलतं. इस्राएलप्पा — आमच्यातला सगळ्यांत म्हातारा, देवळाचा पंच — त्यानं गळकं छप्पर शाकारायचं सोडून दिलं. "प्रभू वरूनच यायचाय, वाट मोकळी असू दे," म्हणाला. माझी दाढ दुखत होती. ती उपटायला आळंदला जायचं मी रद्द केलं. एवढ्याशा दिवसांसाठी तेवढी कळ कोण सोसणार? शेजारच्या थोमाअण्णानं लेकीचं ठरलेलं लग्न लांबणीवर टाकलं. "नवऱ्या मुलाला सांगितलं, वर गेल्यावर भेटू," असं तो म्हणाला. थोमाअण्णा थट्टा करायलाय की खरं बोलायलाय, हे मला कधीच कळायचं नाही. त्याचा चेहराच तसा होता, बंद दारासारखा.

सुगी नुकतीच उरकली होती. पेवं भरायचे दिवस. पेव म्हणजे अंगणात खणलेला खोल खड्डा — तोंड अरुंद, पोट मोठं. आतून कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी, फरशीवर माती. पेरणी येईतो उघडायचं नाही. बियाणं त्यातलंच, दुष्काळात खाणंही त्यातलंच. आमच्याकडं उद्याचा भरवसा म्हणजे पेव.

बोधकानं नेमकं त्यावरच बोट ठेवलं. जो पेव भरतो, तो मनातून म्हणतो की प्रभू येणार नाही. म्हणून सगळं धान्य देवळात आणा, एकच चूल पेटवा, दसऱ्यापर्यंत सगळे मिळून खा. ठरलं. सगळे "आमेन" म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

आणि त्याच दिवसापासून वस्तीत झोप कुणाला लागली असेल असं मला वाटत नाही.

कारण आमेन म्हणताना मी आजूबाजूला बघत होतो — आणि बाकीचेही बघत होते. कुणाच्या नखांत माती आहे? कुणाच्या कोंबड्या एकाच जागी का टोचायल्यात? अमक्याचं अंगण कालच सारवलं, आज पुन्हा कामून सारवायलीस बाई? देवळातल्या चुलीजवळ पंगत बसली की प्रत्येक जण दुसऱ्याच्या ताटाकडं बघायचा. कमी खाणारा सगळ्यांत संशयित — घरी खाऊन आला असणार. म्हणून आम्ही सगळे भूक नसतानाही दाबून खायचो. विश्वासाची अशी परीक्षा तुम्ही कुठं ऐकली आहे?

आता माझं सांगतो.

मी देवळात निम्मी ज्वारी दिली. निम्मी बाजेखाली होती. एका रविवारी सगळी वस्ती उपासनेला गेली असताना मी पायाला नारू झाल्याचं सांगून घरी राहिलो. नारू तेव्हा घरोघर. कातडीतून जंत बाहेर यायचा आणि माणूस महिनाभर लंगडायचा, त्यामुळं कुणी शंका घेतली नाही. देवळात गाणी चालली होती, आणि इथं भर दुपारी मी घामाघूम होऊन पेवात ज्वारी ओतत होतो. मार्था पोटुशी होती. तिनं बियाण्याला माती चोळून दिली — तिच्या माहेरची रीत, कीड लागू नये म्हणून तांबडी माती चोळायची. आमच्या वस्तीत दुसरं कुणी तसं करत नसे. दाण्यावर फिकट लाली यायची. हे ध्यानात ठेवा.

मनात काय होतं माझ्या? प्रभू येणार नाही असं? नाही — तेवढी हिंमत कुठली! प्रभू येईल तर बरंच, पण नाही आला तर? असा मी दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा होतो. प्रभूनं यावं आणि माझ्या पेवाला कुलूपही असावं.

उपासना सुटल्यावर थोमाअण्णा एरंडाचं पान तापवून घेऊन आला, माझ्या पायाला बांधायला. मी पाय पुढं केला. त्यानं पान बांधलं, वर फडकं गुंडाळलं, गाठ मारली. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "याकोबा, नारू पाय बदलायलाय व्हय रे?"

सकाळी मी डाव्या पायानं लंगडलो होतो. आता उजवा पुढं केला होता.

मी हसलो. तोही हसला. आणि तो हसला म्हणूनच मला त्याची भीती वाटायला लागली. त्याला कळलं असेल? कळलं असेल तर बोलत का नाही? कशासाठी राखून ठेवलंय त्यानं? त्या दिवसानंतर तो भाजीत मीठ कमी आहे म्हणाला तरी मला वाटायचं, आता हा सांगतो. मला उपकारापेक्षा गुन्हा लवकर समजतो, असा माझा स्वभाव. माझं गुपित माहीत असलेला माणूस चांगला असेल हे मला पटेचना.

मग उन्हाळ्याच्या शेवटी मुंग्या निघाल्या.

माझ्या आणि थोमाअण्णाच्या अंगणामधे एक मातीची भिंत होती. तिच्या बुडाशी, त्याच्या बाजूला, काळ्या मुंग्यांची रांग लागली — प्रत्येकीच्या तोंडात ज्वारीचा दाणा. मी भिंतीवरून वाकून बघितलं. तुम्हाला खरं सांगू, पहिल्यांदा मला आनंद झाला. लबाडा, सापडलास! मलाच एकट्याला पापी समजत होतो मी. चटकन पलीकडं गेलो, एका मुंगीच्या तोंडचा दाणा काढून घेतला.

दाण्यावर लाली होती.

हे मी आजपर्यंत स्वतःलाही निराळं सांगत आलो. ऊन होतं, नीट दिसलं नाही. सगळीच ज्वारी कधी कधी अशी दिसते — असलं काहीबाही. पण मला दिसलं होतं. माझ्या पेवाला कुठंतरी भेग पडली होती, मुंग्या माझं धान्य भिंतीखालून नेऊन थोमाच्या दारात मांडत होत्या. आज ना उद्या कुणी बघणार. बघणारा विचारणार. आणि थोमाअण्णा एक शब्द बोलला की झालं — "नारू पाय बदलतो तसं पेवही बदलतं."

त्याच्या आधी मीच बोललो.

देवळात पंगत उठल्यावर इस्राएलप्पानं नेहमीसारखं विचारलं, "कुणी पेव भरलंय का? खरं बोला, प्रभू बघायलाय." रोज तो विचारायचा, रोज सगळे खाली बघायचे. त्या दिवशी मी उठून उभा राहिलो. अगदी त्याच नारूच्या डाव्या पायावर भार टाकून.

"मी कुणाचं नाव घेत न्हाई," म्हणालो. "पण थोमाअण्णाच्या भिंतीकडं जाऊन बघा म्हणावं. तिकडच्या मुंग्या काही उपाशी न्हाईत."

मागून कुणीतरी हसून बोललं, "नावच थोमा! त्याच्या बारशातच शंका होती." येशूच्या जखमांत बोट घालून बघितल्याशिवाय विश्वास न ठेवणारा शिष्य तो थोमा — हे लहान पोरालाही पाठ होतं. लोक हसले. लोकांना हसवायची हातोटी आमच्याकडं फक्त माझीच नव्हती.

सगळे उठून भिंतीकडं गेले. मुंग्या आपल्या कामात होत्या. थोमाअण्णा सगळ्यांच्या मागून आला. कुणी त्याला वाट करून दिली. तो खाली बसला, एक दाणा उचलला, तळहातावर ठेवून उन्हात धरला. बराच वेळ बघितला. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं.

मला वाटलं, संपलो.

त्यानं तो दाणा तोंडात टाकला. चावला. आणि म्हणाला, "माझाच हाय."

त्याची बायको, सुंदराक्का, गर्दीतून ओरडली, "काय बोलायलाव हो? आपल्या पेवात तर म्या झाडू मारलाय!"

"गप बस," तो म्हणाला. त्याच्या तोंडून बायकोला एवढा कडक शब्द मी कधी ऐकला नव्हता.

कबूल करणाऱ्याचं पेव कोण उघडून बघतो? इस्राएलप्पानं हात वर केला आणि निवाडा दिला. अविश्वासाचं धान्य प्रभूच्या चुलीवर चालायचं नाही, आम्हाला त्यातला दाणा नको. थोमानं आपलं पेव आपण खावं, पंगतीला येऊ नये.

आणि इथं नीट लक्ष द्या. थोमाअण्णानं आपली सगळी ज्वारी देवळात दिली होती. पंगतीतून उठवल्यावर त्याच्या घरात काय होतं? काही नव्हतं. पण सगळ्या वस्तीला वाटत होतं की त्याचं पेव भरलेलं आहे. म्हणून त्याची लेक रानातला तरोट्याचा पाला खुडताना दिसली की बायका म्हणायच्या, बघा सोंग! सुंदराक्का वाळत चालली की पुरुष म्हणायचे, खाऊन खाऊन अंगाला लागत न्हाई, पापाचं धान्य हाय ते. मीही म्हणायचो. मी तर जास्तच म्हणायचो.

भिंतीच्या या बाजूला, माझ्या पायाखाली, पेवभर ज्वारी होती. एक सूप भिंतीवरून देता आलं असतं. पण दाण्यावर लाली होती ना. कुणी बघितलं असतं तर? मार्था एकदा म्हणाली, "थोडं द्यावं का हो अक्काला?" मी म्हणालो, "नारळ फोडून सांगून ये सगळ्यांना." तिनं हातातलं सूप जागेवर ठेवलं. तिला वाटलं मी पेवापुरता भितोय. मुंगीच्या तोंडचा दाणा मी आधी बघितला होता, हे तिला माहीत नव्हतं. तेच ते उरलेलं अर्धं.

पाऊस स्थिरावल्यावर थोमाअण्णा बायकोमुलीला घेऊन शहाबादला फरशीच्या खाणीवर जायला निघाला. डोक्यावर गाठोडं, हातात एक तवा. माझ्या दारात थांबला. मी बाहेर आलो नाही, आतूनच "नीट जा अण्णा" म्हणालो.

तो म्हणाला, "याकोबा, पेव उघडताना आधी दिवा सोडत जा."

एवढंच. पेव बरेच महिने बंद राहिलं की आतली हवा मरते. उतरणारा माणूस तिथंच बसून राहतो. म्हणून आधी चिमणी पेटवून दोरीनं आत सोडायची, ती विझली तर उतरायचं नाही. हे तो सगळ्यांनाच सांगायचा. मलाही शंभरदा सांगितलं असेल. मग त्या दिवशी काय होतं ते — टोमणा? काळजी? की मला माहीत आहे, एवढंच कळवणं? इतकी वर्षं झाली, मी अजून त्या वाक्याभोवती फिरतोय. चांगुलपणाचा मला संशय येतो, तो अजून गेला नाही.

ते गेल्यावर मी त्याच्या अंगणात गेलो. का गेलो? अजून एक आशा होती. त्याच्या पेवात मूठभर तरी निघावं, म्हणजे मी खोटा निम्माच ठरेन. फरशी सरकवली, चिमणी सोडली. ज्योत तळापर्यंत गेली आणि सरळ जळत राहिली. पेव झाडलेलं होतं, वरपासून खालपर्यंत शेणानं सारवलेलं. एक दाणा नव्हता.

पण सारवलं कशाला होतं? दसऱ्याला जग संपणार असं मानणारा माणूस रिकामं पेव सारवून ठेवतो? हेही मला कळलेलं नाही.

दसऱ्याच्या थोडं आधी, वस्ती देवळात प्रार्थनेला बसलेली असताना, बियाणं काढायला मी माझं पेव उघडलं. घाईत होतो. पाय आत टाकलाच होता. मग काय आठवलं, ते तुम्हाला सांगायला नको. पाय मागं घेतला, चिमणी सोडली. हातभर खाली गेली आणि पटकन विझली.

दसरा आला, आणि गेला. बोधक आधीच कुठंतरी निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी देवळातली चूल कुणी पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मी तिफण जुंपून शेतावर गेलो, तर बघतो काय — अख्खी वस्ती पेरणीला आलेली! इस्राएलप्पाच्या ओटीत बियाणं, त्याच्या पुतण्याच्या ओटीत बियाणं. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मेव्हण्यानं दिलं. इस्राएलप्पाला त्याच्या साडूनं दिलं होतं. त्या वर्षी आमच्या सगळ्यांचे सोयरे एकाएकी फार दिलदार झाले होते. कुणी कुणाकडं बघून हसलं नाही. नखांत माती सगळ्यांच्याच होती.

म्हणजे प्रभूवर पुरता भरवसा ठेवून पेव रिकामं करणारं आमच्यात एकच घर होतं, आणि अविश्वासी म्हणून आम्ही तेवढंच उठवून लावलं होतं.

पीक बख्खळ आलं. इस्राएलप्पा थकला, आणि लोकांनी देवळाचा पंच मला केलं. त्या सुगीत सुंदराक्का आली. शहाबादहून एकटीच. थोमाअण्णाला खोकला लागला होता — खाणीतल्या धुळीचा. ती काढणी झालेल्या रानांत पडलेली कणसं वेचत फिरत होती. माझ्या खळ्यावर दहा माणसं होती. मी तिला हाक मारली, सगळ्यांदेखत सूपभर ज्वारी तिच्या पदरात ओतली आणि मोठ्यानं म्हणालो, "माझं काही न्हाई, अक्का. प्रभूचं हाय."

खळ्यावरचे लोक माझ्याकडं कौतुकानं बघत होते.

सुंदराक्कानं पदराची गाठ मारली. तिचे डोळे भरून आले. "तवा दिसलं तेच तू बोललास, त्यात तुझा काय दोष? माणूस तूच एक निघालास रे याकोबा," ती म्हणाली. "देव तुझं भलं करो."

आणि मी म्हणालो — आमेन.